नावपट्टीवर नसलेला माणूस

माटुंग्याला आमच्या इमारतीच्या मागल्या अंगाला, जांभळाच्या झाडाखाली, माझी १९६५ सालची फियाट ११०० उभी असते. मे महिना सरता सरता जांभळे टपावर पडू लागतात आणि त्या डागांखाली मूळचा पिस्ता रंग दिसेनासा होतो. गेल्या उन्हाळ्यात इंजिनाच्या मागच्या पत्र्यावरचा गंज काढत बसलो होतो. पॉलिश पेपर फिरवता फिरवता बोटाला एक लहानशी धातूची पट्टी लागली. चार-पाच रंगांचे थर तिच्यावर चढलेले. ते उतरवले तेव्हा अक्षरे दिसू लागली: प्रीमियर ऑटोमोबाइल्स लिमिटेड, मुंबई. इतकी वर्षे ही गाडी वापरली, दोनदा तिचे इंजिन खाली उतरवले, पण ही पट्टी काही कधी वाचली नव्हती. वाचल्यावर मनात आले, फियाट म्हणताना आपण इटलीचे नाव घेतो, पद्मिनी म्हणताना चितोडच्या राणीचे. ज्या सोलापूरकराने हा कारखाना कुर्ल्याला उभा केला त्याचे नाव मात्र गाडीवर कुठेच नाही.

तो सोलापूरकर म्हणजे वालचंद हिराचंद.

वालचंदांविषयी लिहिण्याचा अधिकार खरे तर अर्थशास्त्राच्या नाहीतर इतिहासाच्या अभ्यासकाचा. गं. दे. खानोलकरांनी त्यांचे तपशीलवार चरित्र लिहून ठेवले आहे, ते आजही वाचनीय आहे. माझा अधिकार इतकाच की, त्यांच्या कारखान्यातून निघालेल्या एका गाडीखाली मी आयुष्यातले कितीतरी रविवार उताणा पडून काढले आहेत. खालून पाहिलेल्या गाडीची माहिती वरून पाहणाऱ्याला नसते. तसेच काहीसे माणसाचेही असावे.

मी एकटा नसतो, हे आधी सांगायला हवे. आमची चौघांची एक मंडळी आहे. माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक फिटर, आम्ही त्यांना तात्या म्हणतो. किंग्ज सर्कलजवळ राहणारे एक तमिळ मामा, हिशेबनीस म्हणून नोकरी केलेले, पण वडिलांच्या ‘डुक्कर फियाट’च्या मांडीवर वाढलेले. दादर पारशी कॉलनीतले एक बावाजी, ज्यांच्या गॅरेजात गाडी एकच पण सुटे भाग तिघींना पुरतील एवढे. आणि व्हीजेटीआयमधून इंजिनियर झालेला एक तरुण, जो आमच्या सगळ्यांच्या चुका शांतपणे मोजतो. सकाळची फिल्टर कॉफी झाली की मंडळी जांभळाखाली जमते. पाने, टॉमी, जॅक, जुन्या बनियनच्या चिंध्या आणि रॉकेलचा डबा मांडला जातो आणि सल्ल्यांना सुरुवात होते. सल्ला देणारे चार आणि हात काळे करणारा एक, असा हा कारभार आहे.

गेल्या वर्षी या मंडळीत एक भांडण पेटले. माझ्या गाडीचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर आहे. त्याच्या जोडण्यांतले बुश झिजले की पहिला गिअर दुसऱ्यात अडकतो आणि भर सिग्नलला खाली उतरून, बॉनेट उघडून, हाताने दांडा सोडवावा लागतो. मागच्या गाडीवाल्यांचे शब्द तेव्हा कानावर पडतात ते येथे देता येत नाहीत. तरुण मित्राचे म्हणणे असे पडले की, इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही बदलून टाकावे. प्रीमियरच्याच ‘११८ एनई’ गाडीत १९८५ पासून निस्सानचे ११७१ सीसीचे इंजिन आणि जमिनीवरचा गिअर होता. तो संच फियाटच्या पोटात बसवणारे कारागीर मुंबईत पूर्वीपासून आहेत. इंजिन बदलल्याची नोंद परिवहन कार्यालयात करून घेतली की झाले. बावाजींना हे ऐकवेना. त्यांचे बोट २०२१ सालच्या नियमावर होते. पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात राखलेली, म्हणजे चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. इंजिन बदलले की ती वाट बंद. तात्या गाडी चालण्याच्या बाजूचे, मामा गाडी जपण्याच्या बाजूचे. चार रविवार गाडीला कोणी हात लावला नाही, नुसती चर्चा.

त्या चार रविवारांत मी खानोलकरांचे पुस्तक पुन्हा काढले. मूळ गाडी कशाला म्हणायचे, हा प्रश्न ज्याने गाडी बनवली त्यालाच विचारावा, असे काहीतरी खुळ डोक्यात शिरले होते.

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२चा, सोलापूरचा. घराणे गुजराती दिगंबर जैन, मूळचे काठेवाडकडचे. वडील हिराचंद नेमचंद यांची सावकारी आणि कापसाची पेढी. आई वालचंदांच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत गेली. शिक्षण सोलापूर, मुंबईचे सेंट झेवियर्स, पुण्याचे डेक्कन कॉलेज असे झाले, पण पदवी पदरात पडली नाही. पुढे ज्या माणसाच्या नावाने सांगलीचे अभियांत्रिकी महाविद्यालय ओळखले जाऊ लागले तो स्वतः इंजिनियर नव्हता, आणि हे मला फार महत्त्वाचे वाटते. इंजिनाचे त्याला काय कळत होते कोण जाणे, पण इंजिन ज्याला कळते असा माणूस हुडकून काढण्याची नजर त्याच्यापाशी होती.

त्यातला पहिला माणूस लक्ष्मणराव बळवंत फाटक. हे रेल्वेतले कारकून. नोकरीत राहून कंत्राटदारीच्या खाचाखोचा त्यांनी पाहून ठेवलेल्या, पण गाठीला भांडवल नाही. वालचंदांकडे पेढीचे पाठबळ, पण रेल्वेच्या कामाची माहिती नाही. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला या दोघांनी भागीदारी केली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या वाढीव मार्गाचे काम अंगावर घेतले. बार्शीची ही अडीच फुटी रुळांची छोटी गाडी सोलापूर-लातूरकडच्या जुन्या लोकांना अजून आठवते. सोलापूरच्या व्यापारी घरातला मुलगा सावकारी सोडून उन्हातान्हात माती-मुरमाच्या कामावर उभा राहिला, याचे घरच्यांना काय वाटले असेल याची कल्पना करता येते. कापसाच्या सौद्यात हात पोळल्यावर मग हा मार्ग धरला, असेही चरित्रातून दिसते.

‘फाटक-वालचंद’ ही पेढी वाढली. पहिल्या महायुद्धात लष्करी बांधकामे मिळाली. १९२०मध्ये ती टाटांच्या बांधकाम कंपनीत मिसळली. बोरघाटातल्या रेल्वेच्या बोगद्यांचे काम, तानसाहून मुंबईला पाणी आणणाऱ्या नळाचे काम अशी मोठी कामे १९२०च्या दशकात झाली. म्हणजे माटुंग्याच्या ज्या नळाखाली मी रविवारी हात धुतो, त्या पाण्याच्या वाटेवरही हा माणूस भेटतो. १९२६मध्ये हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी निघाली. या कंपन्यांची वंशावळ सांगत बसलो तर रविवार पुरणार नाही, म्हणून पुढे जातो.

पुढे जायचे ते समुद्रावर. मला वालचंदांच्या चरित्रात सर्वांत आवडते ती ‘लॉयल्टी’ बोटीची गोष्ट, आणि ती आमच्या मंडळीलाही सांगितल्यावर एकदम पटली. ही बोट मुळात कॅनडियन पॅसिफिक कंपनीची, नाव ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’. पॅसिफिक महासागरात उतारूंची ने-आण करून ती थकली होती. महायुद्ध सुरू झाले तेव्हा ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी ती विकत घेतली, तिचे रुग्णालयजहाज केले आणि नाव ‘लॉयल्टी’ ठेवले. युद्ध संपले, आता बोटीचे करायचे काय? ती विकायला निघाल्याची बातमी वालचंदांना रेल्वेच्या प्रवासात, बोलता बोलता कळली म्हणतात. त्यांनी नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद, लल्लूभाई सामळदास या मातब्बर मंडळींना गाठले. सौदा झाला आणि १९१९मध्ये सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी राहिली.

म्हणजे पाहा, भारतीय नौकानयनाची नवी सुरुवात झाली ती जवळजवळ तीस वर्षे वापरलेल्या, मालक आणि नाव बदललेल्या, आतली मांडणी एकदा मोडून पुन्हा केलेल्या जुन्या बोटीवर! ५ एप्रिल १९१९ रोजी ती मुंबईहून लंडनला निघाली, आणि त्या तारखेला आता देशात राष्ट्रीय सागरी दिन पाळतात. नवीकोरी बोट मिळेपर्यंत थांबायचे ठरवले असते, तर वालचंद बॅलार्ड पिअरवर उभेच राहिले असते. युद्धानंतर बोटींची टंचाई होती आणि इंग्रज कंपन्या भारतीयाला पाय ठेवू द्यायला तयार नव्हत्या. मिळेल ती जुनी वस्तू उचलायची, डागडुजी करून चालवायची आणि चालवता चालवता शिकायचे. ही आमच्या जांभळाखालची रीत आहे. तात्यांनी हे ऐकून मान डोलावली. बावाजींनी मात्र बोटीचे मूळ नाव बदलायला नको होते, असे मत दिले.

सिंधियाला इंग्रज कंपन्यांनी सुखाने जगू दिले नाही. ब्रिटिश इंडिया कंपनीने भाडी इतकी खाली आणली की नव्या कंपनीचा श्वास कोंडावा. लॉर्ड इंचकेप यांनी कंपनीच विकत घेण्याची तयारी दाखवली. भागीदारांपैकी एखाद्याला मोह झाला असता तर त्याला दोष देता आला नसता. पण कंपनी विकली गेली नाही. १९२३मध्ये तडजोड झाली ती जाचक होती. सिंधियाला किनारी वाहतुकीपुरते आणि ठरावीक जहाजांपुरते बांधून घेतले गेले. दहा वर्षांच्या त्या करारावर वालचंदांवर टीका झाली. मला वाटते, त्या घटकेला जिवंत राहणे हेच काम होते. इंजिन गरम झाले की थोडे थांबून घ्यावे लागते, त्याला हार म्हणत नाहीत. नरोत्तम मोरारजी १९२९मध्ये अपघातात गेले आणि कंपनीची धुरा वालचंदांकडे आली, ती १९५०पर्यंत त्यांच्याकडेच होती.

मधल्या काळात साखर. नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळ रावळगावला आणि पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुक्यात कळंबला त्यांनी माळरानावर ऊस उभा केला आणि १९३०च्या दशकात दोन्हीकडे कारखाने काढले. कळंबच्या वसाहतीला वालचंदनगर नाव पडले. रावळगावची गोळी ज्यांनी शाळेच्या सुट्टीत चोखली नाही असा मराठी माणूस विरळा. २०२४मध्ये त्या गोळ्यांची नावे एका बड्या उद्योगसमूहाने विकत घेतली, तेव्हा वर्तमानपत्रांतून हळहळ व्यक्त झाली. वालचंदनगरच्या कारखान्यात पुढे ‘इस्रो’च्या अग्निबाणांची कवचे बनली. उसाच्या चरकापासून अग्निबाणापर्यंतची ही मजल वालचंदांच्या हयातीतली नाही, पण चरक दुरुस्त करण्यासाठी कार्यशाळा लागते आणि कार्यशाळा असली की माणसे काहीही बनवायला शिकतात, हे मात्र खरे.

आता मोटारीकडे येतो. मोटार हिंदुस्थानात बनावी ही कल्पना मुळात सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांची. १९३०च्या दशकाच्या मध्याला वयाच्या पंचाहत्तरीच्या आसपास हे गृहस्थ युरोप-अमेरिकेतले कारखाने पाहून आले आणि त्यांनी मोटारीच्या कारखान्याची योजना तयार केली. त्या वेळी मुंबईत मोटारी जुळत होत्याच. आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, शिवडीला जनरल मोटर्सचा जुळणी कारखाना १९२८पासून चालू होता, फोर्डचाही मुंबईत होता. पेट्यांतून भाग यायचे, ते इथले कामगार स्क्रू आवळून जोडायचे. भाग बनवायची गोष्ट कोणी काढायची नाही. विश्वेश्वरय्यांना आणि वालचंदांना हवे होते ते नेमके भाग बनवणे.

मुंबईतल्या बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने योजनेला अनुकूलता दाखवली. वालचंद १९३९मध्ये अमेरिकेला गेले. फोर्डने त्यांना कॅनडातल्या कंपनीकडे धाडले, तिथून नकार. जनरल मोटर्सचाही नकार. ज्यांचे जुळणीचे कारखाने इथे उत्तम चालले होते त्यांनी आपल्याच पायावर धोंडा का पाडून घ्यावा? अखेर क्रायस्लरने हात दिला. पण इकडे युद्ध सुरू झाले होते, नोव्हेंबरमध्ये खेरांचे मंत्रिमंडळ राजीनामा देऊन बाहेर पडले होते, आणि दिल्लीच्या सरकारला मोटारीचा कारखाना युद्धकार्याला आवश्यक वाटला नाही. युद्धात हजारो ट्रक लागणार होते. ते परदेशातून आले.

त्याच प्रवासात आणखी एक गंमत घडली. गंमत म्हणायची, पण तिचे फळ आजही बंगळूरला उभे आहे. पॅसिफिक ओलांडणाऱ्या विमानात वालचंदांची गाठ विल्यम पॉली या अमेरिकन माणसाशी पडली. हा चीनमध्ये विमाने जुळवण्याचा उद्योग करत होता. मोटार मिळवायला गेलेला माणूस विमान घेऊन परत आला! म्हैसूर संस्थानाने जागा आणि भांडवल दिले, दिवाण मिर्झा इस्माईल पाठीशी उभे राहिले आणि २३ डिसेंबर १९४०ला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी नोंदली गेली. १९४१मध्ये तिथे जुळवलेले पहिले विमान उडाले. १९४२मध्ये, जपानी दारात आले असताना, सरकारने तो कारखाना वालचंदांकडून विकत घेतला. तीच पुढे ‘एचएएल’ झाली. त्याच सुमारास विशाखापट्टणला गोदी. कलकत्त्याला मनाजोगी जागा मिळाली नाही म्हणून ती तिकडे गेली. २१ जून १९४१ला राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पायाभरणी झाली, पुढच्याच वर्षी जपानी बॉम्ब पडले, काम विस्कटले. शेवटी १४ मार्च १९४८ला ‘जलउषा’ ही बोट पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरली. ती गोदीही १९५२मध्ये सरकारच्या ताब्यात गेली.

वालचंदांवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो की, त्यांनी एकाच वेळी फार ठिकाणी हात घातला. एका कंपनीच्या बळावर दुसरी, दुसरीच्या भरवशावर तिसरी. आक्षेप खोटा नाही. विमान, गोदी आणि मोटार हे तीन डोंगर कोणी शहाणा माणूस युद्धाच्या धामधुमीत एकदम उचलायला जाणार नाही. पण शहाण्या माणसांनी त्या काळात काय उचलले, हेही पाहावे लागते. आमच्या मंडळीत हिशेबनीस मामा आहेत. ते या मुद्द्यावर माझ्याशी कधीच सहमत होत नाहीत, आणि ताळेबंद वाचण्यात त्यांची हयात गेली आहे.

अखेर १९४४मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली. बिर्लांची हिंदुस्थान मोटर्स दोन वर्षे आधीच, १९४२मध्ये निघाली होती. जागा ठरली कुर्ल्याला, आग्रा रोडवर, म्हणजे आजच्या लालबहादूर शास्त्री मार्गावर. माटुंग्याहून शीव ओलांडले की आलेच. १९४७मध्ये, म्हणजे स्वातंत्र्याच्या वर्षीच, पहिल्या गाड्या बाहेर पडल्या. क्रायस्लरच्या डॉज, प्लिमथ, डिसोटो आणि फार्गो ट्रक. या अमेरिकन गाड्या म्हणजे चालते दिवाणखाने. पेट्रोल पिणाऱ्या, श्रीमंतांच्या आणि संस्थानिकांच्या. मध्यमवर्गीयाची गाडी अजून यायची होती. त्यासाठी १९५०च्या सुमारास इटलीच्या फियाटशी करार झाला आणि १९५१पासून इवलीशी फियाट ५०० कुर्ल्याला जुळू लागली.

सरकारचे धोरणही आता या कारखान्यांच्या बाजूने वळले होते. १९४९मध्ये तयार मोटारींच्या आयातीवर बंदी आली. १९५३मध्ये टॅरिफ कमिशनने मत दिले की, जे टप्प्याटप्प्याने भाग इथेच बनवतील त्यांनीच उद्योगात राहावे. नुसती जुळणी करणाऱ्यांनी गाशा गुंडाळला. शिवडीचा जनरल मोटर्सचा कारखाना १९५४मध्ये बंद झाला, फोर्डही गेले. ज्यांनी पंधरा वर्षांपूर्वी वालचंदांना रिकाम्या हाताने परत पाठवले होते, ते मुंबईतून निघून गेले.

पण हे पाहायला वालचंद नव्हते. १९४९च्या सुमारास त्यांना पक्षाघाताचा झटका आला. १९५०मध्ये ते कामातून बाजूला झाले. कारखान्यांचा भार गुलाबचंद, लालचंद, रतनचंद या भावांवर आला. मोटारीचे काम लालचंदांनी पाहिले. अखेरच्या दिवसांत पत्नी कस्तुरबाईंनी त्यांची शुश्रूषा केली. ८ एप्रिल १९५३ला गुजरातेत सिद्धपूर येथे वालचंद वारले. सत्तर वर्षांचे होते.

आणि आता ती तारीख, जिच्यापाशी मी दर वेळी अडतो. फियाट ११०० ही नवी गाडी जिनिव्हाच्या प्रदर्शनात मांडली गेली ती मार्च १९५३मध्ये, वालचंदांच्या मृत्यूच्या जेमतेम महिनाभर आधी. दांते जाकोसा या इंजिनियरच्या हाताखाली घडलेली ती गाडी कुर्ल्याला १९५४पासून जुळू लागली. पाठमोरी पाहिली तर गुबगुबीत, पुढून नाकाड, दारे उलटी उघडणारी. मुंबईने तिला बघता बघता ‘डुक्कर फियाट’ केले. मग ‘एलिगंट’, ‘सिलेक्ट’, ‘सुपर सिलेक्ट’, १९६४ला माझी ‘११०० डी’, १९७२ला ‘प्रेसिडेंट’, १९७४ला ‘पद्मिनी’. नावे बदलली, शेपटी बदलली, पण हृदय तेच राहिले: ६८ मिलिमीटरचे चार सिलिंडर, ७५ मिलिमीटरची धाव, १०८९ सीसी. डॉक्टर, वकील, प्राध्यापक, नाटकातले नट, सगळ्यांनी हीच गाडी वापरली, आणि काळी-पिवळी टॅक्सी म्हटली की हीच डोळ्यांसमोर यायची. ज्या गाडीने त्यांच्या कारखान्याचे नाव घरोघर नेले ती गाडी वालचंदांनी आपल्या कारखान्यातून निघालेली पाहिली नाही.

या कारखान्याचे पुढे काय झाले तेही झाकून ठेवू नये. बंद बाजारपेठेत गाडी नोंदवली की अनेक वर्षे वाट पाहायची आणि मिळाली की मुकाट घ्यायची, असा तो काळ. इटलीत ११००चे उत्पादन संपले तरी कुर्ल्याला ती चालूच राहिली. गाडी सुधारण्याची गरजच कंपनीला उरली नव्हती. मारुती आली आणि दहा-पंधरा वर्षांत खेळ आटोपला. २०००-२००१च्या सुमारास पद्मिनी बंद झाली. देशी उद्योगाला संरक्षण मिळावे म्हणून वालचंद जन्मभर झगडले. ते संरक्षण मिळाले आणि त्याच दुलईत कारखाना झोपी गेला. त्यांनी जिवंतपणी हे होऊ दिले असते का? नवे यंत्र दिसले की हात शिवशिवणारा तो माणूस. पण मेलेल्यांच्या वतीने बोलणे सोपे असते, म्हणून इथेच थांबतो.

आमचा मात्र या झोपेने फायदाच झाला. साडेचार दशके एकच इंजिन बनत राहिल्याने त्याचा सुटा भाग कुर्ल्याच्या भंगारवाल्यापासून ऑपेरा हाउसच्या दुकानापर्यंत कुठेही मिळे, आणि प्रत्येक गल्लीत ते डोळे मिटून उघडणारा मिस्त्री असे. पेट्रोल पंप तापून गाडी बंद पडली तर त्यावर ओले फडके टाकावे, हे ज्ञान टॅक्सीवाल्याकडून डॉक्टरकडे आणि डॉक्टरकडून शेजाऱ्याकडे गेले. ३० ऑक्टोबर २०२३ला मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी उतरली. तेव्हापासून भाग मिळणे कठीण झाले आहे. गेल्या वर्षी एका दुकानातून ‘अस्सल’ म्हणून आणलेला व्हील सिलिंडरचा रबर पंधरा दिवसांत फुगला आणि ब्रेक जाम झाले. तेव्हापासून रबर घेतला की तात्या तो आधी ब्रेक ऑइलात दोन दिवस बुडवून ठेवतात.

राहिले आमचे भांडण. मंडळीपुढे मी ‘लॉयल्टी’ची साक्ष काढली. जुन्या बोटीचे पोट बदलून चालवणाऱ्या माणसाच्या कारखान्यातली गाडी आहे, तेव्हा मूळ रूपाचा एवढा सोवळेपणा कशाला, असा माझा मुद्दा. बावाजींनी तो तिथल्या तिथे उडवला. बोट चालवून पैसा कमवायचा होता, ही गाडी कोणाचे पोट भरते? मुद्दा बिनतोड होता. मामांनी तोडगा काढला. जे काढले तर पुन्हा लावता येईल तेवढेच बदलायचे. त्याप्रमाणे डायनॅमोच्या जागी ऑल्टरनेटर बसला. जुना डायनॅमो ग्रीस लावून, गोणपाटात गुंडाळून माझ्या पलंगाखाली गेला आहे, आणि घरच्यांचे त्यावरचे मत मी इथे नोंदवत नाही. पॉइंट बाद करून इलेक्ट्रॉनिक इग्निशन लावले, पण पॉइंटची जोडी डॅशबोर्डच्या कप्प्यात आहे. दिव्यांना रिले बसवले. इंजिन तेच, गिअर दांड्यावरच. झिजलेले बुश तात्यांनी ओळखीच्या लेथवाल्याकडून पितळेचे करून आणले. तरुण मित्र थोडा हिरमुसला, पण इग्निशनची जोडणी त्यानेच केली, आणि पहिल्याच किल्लीत इंजिन लागले तेव्हा सर्वांत मोठ्याने तोच हसला.

चाचणीसाठी गाडी कुठे न्यायची यावर मात्र वाद झाला नाही. रविवारी सकाळी सातला चौघांना घेऊन निघालो. किंग्ज सर्कल, शीव, मग शास्त्री मार्ग. कारखान्याच्या जागेवर आता उंच निवासी इमारती आहेत. प्रीमियर रोड हे नाव तेवढे राहिले आहे. त्या रस्त्याच्या पाटीपाशी गाडी थांबवली. चहावाल्याने विचारले, कितीला घेतली? त्याला सांगितले की, ती इथलीच आहे. त्याने एकदा गाडीकडे आणि एकदा समोरच्या इमारतींकडे पाहिले आणि चहा गाळू लागला.

परतताना शीवच्या सिग्नलला वर्दळ वाढली. पारा वर चढू लागला. मामांनी न सांगता पाण्याची बाटली आणि फडके काढून ठेवले. पण गाडी थांबली नाही, गिअरही अडकला नाही. फक्त डाव्या पुढच्या चाकातून कट कट असा आवाज येऊ लागला आहे. तात्यांच्या मते किंगपिन, बावाजींच्या मते बेअरिंग. येत्या रविवारी चाक उतरवून पाहू.